नाजूक पोट आणि पाकिटावरची बारीक अक्षरे

छत्रपती संभाजीनगर (प्रतिनिधी) : पोट बिघडलेल्या माणसाने दुकानातून डोळे मिटून विकत घ्यावी अशी एखादी वस्तू असेल, तर ती म्हणजे जलसंजीवनी, अर्थात ओआरएस. मात्र याच तीन अक्षरांचा आधार घेऊन साखरेची पेये वर्षानुवर्षे विकली जात होती, आणि तीही औषधांच्या दुकानांतून. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या प्रकाराविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने आदेश काढला आणि पेयांच्या नावात वा व्यापारचिन्हात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. साखर त्याच्या कित्येक पट झाली, की ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब थांबण्याऐवजी वाढतात.

या प्रकरणातील खरी लक्षात घेण्याजोगी बाब वेगळीच आहे. याच प्राधिकरणाने २०२२ आणि २०२४ मध्ये ‘हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले सूत्र नव्हे’ अशी टीप छापण्याच्या अटीवर हा शब्द वापरण्याची मोकळीक दिली होती. टीप छापली जात होती, ती वाचत कोणी नव्हते. मोठ्या अक्षरांत एक सांगावे आणि बारीक अक्षरांत त्याचे खंडन करावे, या पद्धतीने ग्राहकाचे रक्षण होत नाही, हे मान्य करायला प्राधिकरणाला तीन वर्षे लागली. ओआरएसचा प्रश्न निदान सुटला. परंतु ज्यांचे पोट बारमाही नाजूक आहे, त्यांना किराणा दुकानात पदोपदी हाच प्रश्न पडतो.

हा वर्ग लहान नाही आणि तो वाढतो आहे, कारण घरच्या स्वयंपाकावर अवलंबून राहण्याची सोय आता सर्वांना उरलेली नाही. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत पाळ्यांमध्ये काम करणारा कामगार, जालना, बीड, परभणीहून शिकायला आलेला आणि खोली करून राहणारा विद्यार्थी, दोघेही नोकरीला जाणारे सिडकोतील जोडपे, या साऱ्यांचे निम्मे खाणे पाकिटातून येते. ‘पोटाला सोसत नाही’ म्हटल्यावर मऊ भात आणि ताक पुढे करणारी आजी प्रत्येकाच्या घरात नसते.

‘पोटाला सोसत नाही’ या एका वाक्यात वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने किमान तीन निरनिराळ्या व्यथा दडलेल्या असतात आणि त्यांची गल्लत झाली की खरेदीचीही गल्लत होते. पहिली सिलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. मूल खुरटते, मोठ्यांचा रक्तक्षय लोहाच्या गोळ्यांनी हटत नाही. उत्तर भारतातील पाहण्यांत शंभरात सुमारे एकाला हा विकार आढळला असून दक्षिणेत त्याचे प्रमाण बरेच कमी आहे. यावर औषध नाही. आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य करणे एवढाच उपाय. (शंका आल्याबरोबर स्वतःच्या मनाने पोळी बंद करणारे अनेकजण असतात. त्यांनी तसे करू नये. आधी रक्ताची तपासणी व्हायला हवी, कारण गहू सोडल्यावर केलेल्या तपासणीत विकार लपून राहू शकतो.)

दुसरी व्यथा दुधातील साखरेची, म्हणजे लॅक्टोजची. ती पचवणारे विकर बालपणानंतर कमी होत जाते आणि बहुसंख्य प्रौढ भारतीयांत ते कमी-अधिक प्रमाणात घटलेले असते. येथे प्रश्न मात्रेचा असतो. पेलाभर दूध बाधते, पण चहातले दोन चमचे दूध बाधत नाही. दह्याताकातले लॅक्टोज विरजणाच्या जिवाणूंनी काही अंशी आधीच संपवलेले असते. तिसरी व्यथा इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. यात आतडे तपासून काही सापडत नाही, पण पोटफुगी, कळा, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ यांनी माणूस हैराण होतो. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास ‘फॉडमॅप’ ही संकल्पना मांडली. कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा यांतील काही शर्करा लहान आतड्यात शोषल्या न जाता पुढे सरकतात आणि मोठ्या आतड्यात आंबतात, असे त्या संकल्पनेचे सार आहे.

सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला पोळीचा कणही चालत नाही, लॅक्टोजवाल्याला थोडे चालते आणि तिसऱ्याला कांदा-लसूण कोठे आहे हे कळायला हवे. या तिघांची गरज एकाच पाकिटाच्या पाठीवरच्या मजकुराने भागवायची आहे.

कायद्याचा धाक, कायद्याच्या फटी

कागदावर पाहिले तर आपला कायदा मागासलेला मुळीच नाही. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्याखालील लेबलविषयक नियम २०२० मध्ये नव्याने आले. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेत, ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे, काजू-बदामासारखी फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढील सल्फाइट यांपैकी काहीही असल्यास ते स्वतंत्रपणे सांगावे, असे हे नियम म्हणतात. ‘ग्लुटेन फ्री’ म्हणायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये. हाच आंतरराष्ट्रीय निकष आहे. साखरेऐवजी सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांसारखी पॉलिऑल दहा टक्के वा अधिक वापरली, तर त्यांनी जुलाब होऊ शकतात असा इशारा छापावा लागतो. मधुमेहींसाठीच्या ‘शुगर फ्री’ मिठाईने पोट का बिघडले, याचा उलगडा अनेकांना या एका ओळीत होईल.

मग अडते कोठे? पहिली अडचण पाकिटाच्या आकाराची आहे. ज्या पाकिटाचे क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटीमीटरपेक्षा अधिक नाही, त्यावर घटकांची यादी छापण्यापासून सूट आहे. ती माहिती त्या पाकिटांच्या मोठ्या पुड्यावर असली की पुरे. आता हा मोठा पुडा दुकानदाराच्या फळीवर असतो आणि पोराच्या हातात सुटे छोटे पाकीट पडते. शाळेच्या फाटकासमोर वा खेड्यातल्या टपरीवर जे खपते ते हेच. ज्याला माहितीची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच हाती सर्वांत कमी माहिती पडावी, अशी ही व्यवस्था आहे.

दुसरी अडचण सामूहिक नावांची. ‘मसाले’ एवढे लिहिले की कोणते मसाले हे सांगण्याची सक्ती बहुधा उरत नाही. त्यात कांद्याची वा लसणाची भुकटी आहे काय, हे खाणाऱ्याच्या पोटालाच आधी कळते. एखाद्या तयार मिश्रणाचा वाटा पाच टक्क्यांहून कमी असेल, तर त्या मिश्रणात काय काय आहे हेही, काही अपवाद वगळता, सांगावे लागत नाही. सोयाबीन, दूध, गहू यांबाबत अशी सवलत नाही, हे खरे. परंतु कांदा-लसूण हे कायद्याच्या त्या यादीतच नाहीत.

तिसरी अडचण मात्र आपल्या सर्वांच्या नजरेसमोर असून कोणाच्या लक्षात येत नाही. लेबलवरील सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा, असे नियम सांगतात. अन्य भाषा ऐच्छिक. उत्पादक अर्थातच इंग्रजी निवडतो. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात म्हणून या राज्यात आंदोलने झाली, खटले चालले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण पाटी न वाचता आल्याने कोणी आजारी पडत नाही, पाकीट न वाचता आल्याने पडू शकते. सिल्लोड वा पैठण तालुक्यातील जी माता डॉक्टरांनी ‘गहू बंद’ म्हणून सांगितलेल्या लेकरासाठी बिस्किटाचा पुडा उलटून पाहते, तिला ‘बार्ली माल्ट एक्स्ट्रॅक्ट’ ही रोमन अक्षरे वाचता आली, तरी बार्ली म्हणजे जव आणि जवातही ग्लुटेन असते, हे कोणी समजावून सांगायचे? दुधात घालायच्या माल्टच्या भुकट्या आणि कॉर्नफ्लेक्स या दोन्हींत हा घटक सर्रास असतो. मक्याचे म्हणून कॉर्नफ्लेक्स निर्धास्तपणे देणारी कुटुंबे म्हणूनच फसतात.

हिंगाची डबी

आपल्या स्वयंपाकघरातली सर्वांत फसवी वस्तू कोणती, असे विचारले तर उत्तर हिंग हे आहे. अस्सल हिंगाचा राळेसारखा चीक अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात त्याच्या लागवडीचा प्रयोग २०२० मध्ये सुरू झाला आहे. हा चीक इतका उग्र असतो की तो तसाच फोडणीत टाकणे शक्य नसते. म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून बाजारातला ‘बांधानी हिंग’ तयार होतो. हे पीठ कधी तांदळाचे असते आणि पुष्कळदा गव्हाचे. म्हणजे पोळी, बिस्किटे, शेवया, रवा सारे कटाक्षाने टाळणाऱ्या रुग्णाच्या ताटात वरणाच्या फोडणीतून गहू रोज दोन वेळा येतो. पोटातला वात सरावा म्हणून जो पदार्थ घालायचा, त्यानेच रोग जिता ठेवायचा! तांदळाचे पीठ वा केवळ डिंक वापरलेले हिंग बाजारात मिळते आणि डबीवर तसा उल्लेखही असतो. फक्त डबी उलटून पाहण्याची सवय नसते, आणि चिमूटभर वस्तूची डबी उलटून पाहावी असे कोणाला सुचतही नाही.

याच्या उलट, ज्या खुणा पोटाच्या रुग्णासाठी निर्माण झालेल्या नाहीत त्या त्याच्या उपयोगी पडतात. गुलमंडीपासून गारखेड्यापर्यंत कोणत्याही फरसाणाच्या दुकानात ‘जैन’ असे लिहिलेली पाकिटे असतात. त्यांत कांदा-लसूण नसतो. इरिटेबल बॉवेलच्या रुग्णाला परदेशात ज्यासाठी खास दुकाने धुंडाळावी लागतात, ती सोय येथे धर्माचारामुळे आपोआप झालेली आहे. (बेसन आणि हिंग यांचा विचार मात्र वेगळा करावा लागेल.) तीच गोष्ट ‘व्हीगन’ चिन्हाची. शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्यात दूध बसते. व्हीगन पदार्थात दुधाचा कोणताही घटक घालता येत नाही. २०२२ च्या नियमांनी आलेले हे चिन्ह दूध न सोसणाऱ्याला घटकांची यादी न वाचताही बरेच काही सांगून जाते.

पाकिटाच्या दर्शनी भागावर मात्र विश्वास ठेवू नये, असेच म्हणावे लागेल. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे अनेक धान्ये. त्यांत पहिले बहुधा गहू असते. नाचणीच्या बिस्किटांत नाचणीच्या आधी मैद्याचे नाव येते काय, ते पाहावे. ‘डायजेस्टिव्ह’ हे बिस्किटांचे नाव एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमधून आले. त्यातील खाण्याच्या सोड्याने पचन सुधारते असा तेव्हाचा समज होता. बिस्कीट गव्हाचेच. ‘हाय फायबर’ म्हणवणाऱ्या पदार्थांत चिकोरीच्या मुळांतील इन्युलिन घातलेले असते आणि ज्याचे पोट फुगते त्याला तेच सर्वाधिक बाधते. ‘ए-टू’ दूध पचायला हलके म्हणून चढ्या भावाने विकले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये प्राधिकरणाने असे दावे दिशाभूल करणारे ठरवून ते काढून टाकण्याचा आदेश दिला आणि अवघ्या काही दिवसांत तो मागेही घेतला. त्या मागे घेण्याची कारणे काहीही असोत, ए-वन आणि ए-टू हा भेद दुधातील प्रथिनांचा आहे. लॅक्टोज दोन्हींत सारखेच असते.

भगर आणि दळण

मग पाकीट नकोच, सुटा माल घ्यावा, असा सोपा निष्कर्ष कोणी काढील. त्याला मराठवाड्याने भगरीच्या रूपाने उत्तर दिलेले आहे. भगर ही निसर्गतः ग्लुटेनमुक्त, उपवासाची आणि पचायला हलकी समजली जाणारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमातील एकादशीच्या फराळानंतर सुमारे दोन हजार लोकांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला आणि रुग्णालये अपुरी पडली. नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र आली की भगरीतून विषबाधेच्या बातम्या या विभागातून येतात. उष्ण व दमट हवेत भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते व तिच्यातून विषारी द्रव्ये तयार होतात, असे अन्न व औषध प्रशासनाचे म्हणणे असून भगर सुटी न घेता पाकीटबंद घ्यावी, तारीख पाहावी, तयार पीठ टाळावे, घरात फार दिवस साठवू नये, अशा सूचना हे खाते जवळपास दर सणाला काढते. निरोगी माणसाला जे बाधते, ते नाजूक पोटाच्या माणसाचे काय करील, हे सांगायला नको.

ज्वारीची गोष्ट अधिक दिलासा देणारी, पण तिलाही एक पेच आहे. ज्वारीत ग्लुटेन नाही, बाजरीत नाही, तांदळात नाही. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे वाण २०१८ मध्ये दिले. जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. जगातल्या श्रीमंत देशांतील सिलिअ‍ॅकचे रुग्ण ज्याच्या शोधात असतात ते धान्य आपल्या अंगणात पिकते. परंतु ती ज्वारी दळायची कोठे? गल्लीतल्या गिरणीत एकाच जात्यावर गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ पाळीपाळीने दळली जाते. गव्हाच्या दळणानंतर लगेच ज्वारी टाकली, तर पहिल्या काही मुठींत गहू येतोच. निरोगी माणसाला याचे काहीच नाही. किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा म्हणजे ५० किलोच्या पोत्यात एक ग्रॅम ग्लुटेन, हे ध्यानात घेतले म्हणजे सिलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी तो केवढा प्रश्न आहे हे उमगेल. पहिले दळण बाजूला काढून ते दुसऱ्या कोणाला देणे हा अर्धाच उपाय. घरगुती लहान गिरणी, जिच्यात गहू कधी पडलाच नाही, हा खरा. ती न परवडणाऱ्याने ‘ग्लुटेन फ्री’ असे छापलेले ज्वारीचे पीठ घ्यावे, तर जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागला. सुटे पीठ मात्र करमुक्त. लेबल हवे तर कर द्या, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिटाच्या दर्शनी भागावरील इशाऱ्यांबाबत तीन महिन्यांत निर्णयाप्रत येण्यास केंद्राला सांगितले, त्याचे स्वागत झाले. तो वाद साखर, मीठ आणि चरबी यांचा आहे; मधुमेह आणि हृदयविकाराच्या या देशात तो महत्त्वाचाही आहे. परंतु ज्याचे आतडे गव्हाने झिजते त्याला त्या ताऱ्यांनी वा इशाऱ्यांनी काहीच सांगितले जाणार नाही. दर्शनी भागाची फेररचना होणारच असेल, तर ‘यात गहू आहे’, ‘यात दूध आहे’ एवढे दोन शब्द तेथे आणि राज्याच्या भाषेत का येऊ नयेत, हे महाराष्ट्र शासनाने केंद्राला विचारायला हरकत नसावी.

तोवर ग्राहकाच्या हाती काहीच नाही असेही नाही. कायद्याच्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक, विक्रेत्याला खरेदीच्या वेळी तसे सांगून व शुल्क भरून, पदार्थाची तपासणी अन्न विश्लेषकाकडून करून घेऊ शकतो. नमुना कायद्याशी विसंगत निघाला तर शुल्क परत मिळते. चुकीच्या लेबलाबद्दल तीन लाख रुपयांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पाकिटावरचा चौदा अंकी परवाना क्रमांक टिपून तक्रार करता येते. हे अधिकार वापरणारा ग्राहक विरळा, हे कायद्याचे नव्हे तर त्याच्या प्रसिद्धीचे अपयश म्हटले पाहिजे.

आणि ज्यांना यातले काहीच परवडत नाही त्यांचे काय? ‘ग्लुटेन फ्री’ ब्रेड वा बिस्किटे साध्या मालाच्या कित्येक पट किमतीला मिळतात. इटलीत सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला अशा पदार्थांसाठी सरकारकडून दरमहा ठरावीक रक्कम मिळते. आपल्याकडे शिधापत्रिकेवर धान्य मोफत आहे, पण त्या धान्यात गहू असतो आणि सिलिअ‍ॅकच्या मुलाचे कुटुंब तो मुकाट्याने घेऊन ज्वारी बाजारभावाने विकत आणते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यातील अन्नधान्याच्या व्याख्येत तांदूळ आणि गव्हाबरोबर भरडधान्यही आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र पाहून अशा शिधापत्रिकेवर गव्हाऐवजी ज्वारी द्यायची झाली, तर त्यासाठी संसदेत जाण्याची गरज नाही. पुरवठा विभागाने ठरवले, तर मराठवाड्यात त्यासाठी ज्वारी तरी दूरवरून आणावी लागणार नाही.